वस्तू एक, वर्णन नाही

देशाची सुरक्षितता गुप्ततेवर उभी असते आणि गुप्तता उभी असते ती कुणी फार चौकशा करू नयेत यावर. पण लोकशाहीत कुणीतरी चौकशी केलीच पाहिजे, असाही एक दंडक आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा पाळायच्या या पेचात भले भले देश अडकले. आपण अडकलो नाही. आपण संसदेची एक समिती नेमली. विचारणं हे समितीचं काम आणि न सांगणं हे खात्याचं काम, अशी वाटणी झाल्यामुळे दोघांच्याही कामात आजवर खंड पडलेला नाही.

राष्ट्रीय सुरक्षा गोपनीयता संनियंत्रण समिती असं तिचं भारदस्त नाव. सदस्य एकवीस. सात वर्षांत समितीच्या एकशे त्रेचाळीस बैठका झाल्या आणि सदस्यांनी दोन हजार तीनशे अकरा प्रश्न विचारले. पैकी दोन हजार दोनशे अठ्ठ्याण्णव प्रश्नांना 'माहिती देणे राष्ट्रहिताचे नाही' असं लेखी उत्तर सहीशिक्क्यानिशी आणि मुदतीत मिळालं. (मुदतीत उत्तर देणारं दुसरं एखादं खातं तुमच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवा.) उरलेले तेरा प्रश्न तपासाअंती स्वतःच गुप्त निघाले. ते सदस्यांकडून परत घेण्यात आले आणि कृपया विसरावेत अशी विनंती करण्यात आली. सगळे विसरले. दोघांना तर आपण ते विचारले होते हेही आठवत नव्हतं.

यात जनतेला डावललं असं कुणी म्हणू नये. एखादी गोष्ट गुप्त ठरवली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि तीस दिवस हरकतींची वाट पाहायची, असा नियम आहे आणि तो काटेकोर पाळला जातो. सात वर्षांत एकही हरकत आलेली नाही. जनतेचा एवढा विश्वास फार थोड्या समित्यांच्या वाट्याला येतो.

अशा या समितीशी आपला कधी संबंध येईल असं मिरजेच्या शमशेरभाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं. शमशेरभाई तंबोरे करतात. त्यांचे वडील करायचे, आजोबा करायचे, पणजोबाही करायचे. तंबोऱ्याला खाली जो मोठा घुमट असतो तो भोपळ्याचा. हा भोपळा खायचा नव्हे; तो भीमाकाठच्या शेतात हौसेनं मोठा करतात, वाळवतात आणि मग तो टणक, पोकळ होऊन मिरजेला येतो. शमशेरभाई त्याला बोटाच्या पेरानं ठोकतात आणि कान लावून ऐकतात. पसंत पडला तर घेतात, नाही तर शेतकऱ्याला चहा पाजून परत पाठवतात.

घरात एक जुनी चाल आहे. घरातला नवा माणूस कामाला बसला की त्याच्या नावानं दोन भोपळे माळ्यावर टांगायचे. एकाच घेराचे, एकाच जाडीचे आणि ठोकल्यावर एकच बोलणारे. अशी जोडी शोधून सापडत नाही, नशिबानं मिळते. हात पुरता बसला की त्याच जोडीतून त्या माणसानं आपले पहिले दोन तंबोरे करायचे आणि आत आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. त्या दिवसापासून तो कारागीर. शमशेरभाईंना मुलगा नाही. आठ वर्षांपूर्वी त्यांनी जी जोडी टांगली ती मुलीच्या, मिस्बाहच्या नावानं टांगली, तेव्हा गल्लीत बरीच कुजबुज झाली होती. मिस्बाहनं आठ वर्षं रंधा मारला, चिकटवायचा सरस उकळला, बोटं कापून घेतली आणि गेल्या डिसेंबरात शमशेरभाईंनी सांगितलं की आता माळ्यावरची जोडी काढायची. तिनं त्याच दिवशी चिठ्ठ्या छापून आणल्या. कुजबुज करणाऱ्यांनाही तिनं एकेक दाखवली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दुकानापुढं एक जीप थांबली. तीन माणसं उतरली. कोयनेच्या बाजूला डोंगरात एक कार्यालय आहे, त्याच्या फाटकावर 'गोदाम' अशी पाटी आहे, तिथून ती आली होती. त्यांनी दुकानभर नजर फिरवली, माळ्याकडं बोट दाखवलं आणि जोडीतला एक भोपळा काढायला लावला. कशासाठी, असं शमशेरभाईंनी विचारलं. "देशासाठी," असं उत्तर आलं. या उत्तरावर पुढचा प्रश्न अजून कुणाला सुचलेला नाही, शमशेरभाईंनाही सुचला नाही. दुसरे चाळीस भोपळे पडलेत, त्यातला घ्या, एवढं ते म्हणाले. पण तिघांतल्या साहेबांनी स्वतः बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं होतं आणि दुर्दैवानं साहेबांचा कान चांगला होता.

पावती मात्र रीतसर मिळाली. 'वस्तू: एक. वर्णन: देता येत नाही. प्रयोजन: देता येत नाही. स्वाक्षरी करणाऱ्याचे नाव: देता येत नाही.' तारीख मात्र अगदी स्पष्ट होती.

एक भोपळा म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल. पण तंबोरे गायकाच्या दोन बाजूंना दोन असतात आणि दोघांनी मिळून एकच आवाज धरायचा असतो. एकटा उरलेला भोपळा शमशेरभाईंना माळ्यावर बघवेना. दुसरी जोडी शोधू, असं मिस्बाहला त्यांनी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा ती खाली मान घालून दुसऱ्याच्या तंबोऱ्याची खुंटी घासत राहिली.

भोपळ्याचं काय केलं असेल, यावर गल्लीत चार मतं होती. एक, त्याचा घेर क्षेपणास्त्राच्या टोकासारखा असतो. दोन, तो जमिनीत पुरला की कोयनेचा भूकंप आधी ऐकू येतो. तीन, शत्रूला तो बाँब वाटावा म्हणून सीमेवर ठेवायचाय. चौथं मत शमशेरभाईंच्या बायकोचं, शमशादबींचं होतं. साहेबांच्या पोरीला गाणं शिकायचं असणार, असं त्या म्हणाल्या. चारही मतं गुप्त राखण्यात आली, म्हणजे मिरजेबाहेर फक्त सांगली, तासगाव आणि जतपर्यंतच गेली. शमशादबींनी आणखी एक खबरदारी घेतली. त्या शुक्रवारी घरात लाल भोपळ्याची भाजी होती आणि ताटात काय आहे असं विचारल्यावर "वस्तू" एवढंच त्या म्हणाल्या.

पावतीवर नाव देता न येणाऱ्या साहेबांचं नाव तीन आठवड्यांनी कळलं. स्टेशनच्या चौकात बारा फुटी फ्लेक्स लागला: 'गुप्त प्रकल्पाचे कर्तव्यदक्ष प्रमुख मा. वीरधवलसाहेब यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. शुभेच्छुक: शंभूराजदादा मित्रमंडळ.' फोटोत साहेबांनी गॉगल लावला होता, त्यामुळे ओळख उघड होण्याचा धोका टळला. शंभूराज हे तिथले होतकरू पुढारी. चौकातून कुणी मोठा माणूस जाणार आणि आपला फ्लेक्स नाही, हे त्यांना सहन होत नाही. त्यांच्या प्रकृतीचाच तो भाग आहे.

मार्चमध्ये त्यांनी दुसरा फ्लेक्स लावला, तो याहून मोठा. 'अत्यंत गोपनीय दौऱ्यावर येणाऱ्या संसदीय समितीचे मिरजनगरीत सहर्ष स्वागत! विषय: गुप्त वस्तूंची पाहणी. स्थळ: शासकीय विश्रामगृह. सकाळी ठीक अकरा.' खाली एकवीस खासदारांचे एकवीस फोटो आणि शंभूराजांचा त्या सगळ्यांहून मोठा फोटो. शमशेरभाईंनी सायकल थांबवून फ्लेक्स दोनदा वाचला आणि तडक सुभेदार मानसिंगांकडं गेले.

मानसिंग मूळचे जतकडचे. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून, लीलाबाईंच्या गुडघ्यांना मिरजेतले दवाखाने जवळ पडावेत म्हणून इथं राहायला आले. आपली नेमणूक कुठं कुठं होती हे त्यांनी लीलाबाईंना आजवर सांगितलेलं नाही. लीलाबाईंनीही कधी विचारलं नाही, कारण दर खेपेला आणलेल्या शालीवर गावाचं नाव असायचं. अर्ज लिहिण्यात मात्र मानसिंगांचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही.

"भोपळा लिवायचा न्हाई," कागद पुढं ओढत ते म्हणाले.

"आवं, मग लिहायचं काय? भोपळाच नेलाय त्यांनी."

"ज्याचं वर्णन सरकारला देता येत न्हाई ते आपून द्यायचं म्हंजे गुन्हा हाय, शमशेरभाई. वस्तू लिवायचं."

अर्ज असा झाला: 'माझी एक वस्तू, जिचे नाव मला माहीत आहे परंतु लिहिता येत नाही, ती तिच्यासारख्याच दुसऱ्या वस्तूपासून तोडण्यात आली आहे. तरी मे. समितीने जोडी पूर्ववत करण्याची कृपा करावी.' मानसिंगांनी तो मोठ्यानं वाचला आणि समाधानानं घडी घातली. शमशेरभाईंनाही तो आवडला. इतका चांगला अर्ज आपण कशाबद्दल केलाय हे कुणालाच कळणार नाही, एवढीच त्यांना जरा धास्ती वाटली.

समिती अकराला आली नाही, पण साडेबाराला आली. विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात एकवीस खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. मधोमध अध्यक्ष, खासदार जयराजसाहेब. चेहरा दमलेला आणि भला. समोर गॉगल न लावलेले वीरधवलसाहेब. कोपऱ्यात अर्जदार शमशेरभाई, शेजारी मानसिंग आणि मिस्बाह. मिस्बाहच्या मांडीवर एक मोठी पिशवी होती. ती कशाला घेतलीस, असं शमशेरभाईंनी घरातून निघताना विचारलं होतं. "असू दे अब्बा," एवढंच ती म्हणाली होती.

समितीनं विचारायचे प्रश्न खातं आधी तपासून, मंजूर करून समितीला देतं, म्हणजे अनवधानानं एखादा उत्तर असलेला प्रश्न विचारला जाण्याची भीती नाही. अध्यक्षांनी यादी उघडली.

"सदर वस्तू गुप्त ठरवणं योग्य होतं का?"

"होतं," वीरधवलसाहेब म्हणाले.

"कशावरून?"

"ते गुप्त आहे."

"जाहीर सूचना दिली होती?"

"दिली होती. तीस दिवसांत एकही हरकत आली नाही."

"समितीचं समाधान झालं आहे," अध्यक्ष यादीतूनच म्हणाले, कारण तेही वाक्य यादीत होतं. एकूण एक मिनिट दहा सेकंद लागले. कोणती सूचना, कधी दिली, असं शमशेरभाईंच्या अगदी ओठावर आलं होतं, पण तेवढ्यात मिस्बाह उठली आणि पिशवी घेऊन अर्धगोलाच्या मध्यभागी गेली.

"त्यात काय आहे, बेटा?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाव घ्यायला बंदी हाय साहेब, म्हणून दाखवायलाच आणलंय," ती म्हणाली, आणि तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेला माळ्यावरचा दुसरा भोपळा बाहेर काढून कागद सोडला.

वीरधवलसाहेब ताडकन उभे राहिले. "माननीय सदस्यांनी कृपया पाहू नये!"

अडचण खरीच होती. समितीला गुप्त वस्तूंवर देखरेख करण्याचा अधिकार आहे, त्या पाहण्याचा नाही. सदस्यांनी मोठ्या शिस्तीनं खुर्च्या फिरवल्या आणि एकवीस खासदार भिंतीकडं तोंड करून बसले. (एकांचे डोळे आधीपासूनच मिटलेले होते; त्यांना उठवण्यात आलं नाही.) भिंतीवर एक कॅलेंडर होतं, ते ज्यांच्या वाट्याला आलं ते सुदैवी ठरले.

मिस्बाहनं भोपळा ठोकला. बोटाच्या पेरानं एकदा, मग पुन्हा एकदा. आवाज खोलीत फिरला आणि थांबायची घाई न करता हळूहळू उतरला.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "हा निम्मा हाय. आठ वर्सं दोघं एका दांडीला टांगलेले व्हते. एक ठोकला की दुसरा आपोआप बोलायचा, त्याला हात लावायला लागायचा न्हाई. मी रोज सकाळी ठोकून बघायची. आता कागद सोडून ठोकते आणि पलीकडनं कायबी येत न्हाई."

पोरगी रोज सकाळी असं करते हे शमशेरभाईंना आजच कळत होतं.

"छान वाजतंय," भिंतीकडं बघणारे एक सदस्य म्हणाले. (हे वाक्य नंतर इतिवृत्तातून वगळण्यात आलं.)

तेवढ्यात मानसिंग उठले. अर्जात भोपळ्याचं नावही न लिहिणारे मानसिंग, पण आता ते थेट अर्धगोलापुढं येऊन उभे राहिले. "साहेब, मी अठ्ठावीस वर्सं गप बसलो. बायकोला बोललो न्हाई का पोरांना बोललो न्हाई. पर मी कशापायी गप बसलोय ते मला ठावं व्हतं. ह्या पोरीनं कशापायी गप बसायचं, तेवढं तरी सांगाल का न्हाई?"

"ते गुप्त आहे," वीरधवलसाहेब म्हणाले, पण या खेपेला जरा हळू म्हणाले.

आणि मग सात वर्षांत न घडलेली गोष्ट घडली. भिंतीकडं तोंड असलेल्या अध्यक्षांनी यादीत नसलेला प्रश्न विचारला. "वस्तू परत देता येईल का?"

वीरधवलसाहेब फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. दहा मिनिटं ते येरझाऱ्या घालताना जाळीच्या दारातून दिसत होते. त्या दहा मिनिटांत शमशेरभाईंनी मनातल्या मनात दोन्ही तंबोरे पुरे केले. दांड्या बसवल्या, तारा ओढल्या आणि आत हात घालून मिस्बाहच्या नावाची चिठ्ठी चिकटवलीसुद्धा. संसद म्हणजे काय हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळल्यासारखं वाटलं.

वीरधवलसाहेब आत आले. "परत देता येईल का हे सांगता येत नाही," ते म्हणाले. "परंतु अर्जदाराची तक्रार दूर करण्याची वरून परवानगी मिळाली आहे."

त्यांनी अर्ज वाचून दाखवला. तक्रार वस्तू नेल्याबद्दल नव्हती. तक्रार जोडी तुटल्याबद्दल होती, आणि अर्जात तसं अगदी स्वच्छ लिहिलेलं होतं. मानसिंगांनी डोळे मिटून घेतले. समितीसमोर आवाज झाल्यामुळे दुसरी वस्तूही आता गुप्त झाली होती. तेव्हा तीही ताब्यात घेऊन पहिलीच्या शेजारी ठेवण्यात येईल, म्हणजे जोडी पूर्ववत होईल. दोन शिपाई आले आणि त्यांनी मिस्बाहच्या हातातून भोपळा घेतला. जपून घेतला, हे सांगितलं पाहिजे. ठराव एकमतानं मंजूर झाला. भिंतीकडं तोंड करूनच सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. पावतीवर 'वस्तू: दोन' असं लिहिलं होतं आणि वर्णन अर्थातच नव्हतं.

समितीच्या वार्षिक अहवालात या भेटीवर एक परिच्छेद आहे. 'मिरज येथील एका नागरिकाच्या तुटलेल्या जोडीचे पुनर्मीलन घडवून आणण्यात समितीला यश आले,' असं त्यात म्हटलंय. सात वर्षांतलं हे पहिलंच यश असल्यामुळे ते ठळक अक्षरांत आहे.

विश्रामगृहाच्या पायरीवर मिस्बाह बसली. ती रडली नाही. भोपळा गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद तेवढा तिच्या हातात राहिला होता, कारण तो कुणी मागितला नव्हता. शमशेरभाईंनी तो घेतला. पोरीच्या तोंडाकडं बघण्याची हिंमत होत नव्हती म्हणून ते कागदाकडं बघू लागले. जानेवारीचा होता. पहिला भोपळा गेल्यावर, निदान दुसऱ्याला धक्का लागू नये म्हणून त्यांनीच तो त्या आठवड्यातल्या पेपरात गुंडाळून ठेवला होता. सातव्या पानावर, एका बोअरवेलच्या जाहिरातीखाली, दोन बोटं रुंदीची चौकट होती. 'सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, एका ठिकाणची एक वस्तू गुप्त ठरविण्यात येत आहे. कोणाचीही हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे. एक हरकत आली तरी वस्तू मूळ जागी ठेवून फेरविचार करण्यात येईल.'

एक. शमशेरभाईंनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. तो पेपर त्यांनी त्या दिवशी वाचला होता. आधी क्रिकेट, मग निधनवार्ता, आणि मग घडी. शरमेनं त्यांना तिथंच कुठंतरी तोंड लपवावंसं वाटलं. "अब्बा, काय लिवलंय?" मिस्बाहनं विचारलं. "काय न्हाई," ते म्हणाले आणि कागद खिशात घातला. गुप्तता ही अशी हळूहळू अंगवळणी पडते.

शमशेरभाईंची तुम्हाला कीव आली असेल. भला माणूस, कारागीर माणूस, त्याच्या नजरेतून सुटलं असेल. पण दुसऱ्या कुणीतरी एकानं एक पोस्टकार्ड टाकायला काय हरकत होती, असंही मनात आलं असेल. बरोबर आहे. तो पेपर त्या सकाळी तुमच्याही घरी आला होता. सूचनेच्या शेजारीच राशिभविष्य होतं आणि ते तुम्ही वाचलंत. तुमच्या राशीला लिहिलं होतं, नसत्या चौकशा टाळा, दिवस सुखात जाईल. भविष्य एका दिवसाचं होतं आणि सूचनेची मुदत तीस दिवसांची होती. तुम्ही भविष्य तीसही दिवस पाळलंत.